डोंगरीचा डोंगर कोठें गेला?

आमचें एकोडी हें साकोली तालुक्यांतील, धानाच्या बांध्यांचें गांव. येथून वायव्येस, तुमसर तालुक्यांत, आंबागडचा डोंगरी किल्ला आहे. इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्तबुलंद राजाच्या अमदानींत राजाखान पठाणानें तो बांधला, हें मीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविलें. एकदां मामाकडे शिकावयास राहिलेल्या त्या बाजूच्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आमच्या गांवाचें नांव डोंगरी, मग तेथला डोंगर कोठें गेला?” तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों.

हें गांव म्हणजे डोंगरी बुजुर्ग. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरलें, ‘खुर्द’ म्हणजे धाकटें, ही आपली जुनी महसुली वहिवाट. तुमसर तालुक्यांतील या गांवीं व शेजारच्या चिखला येथें जमिनींत मॅंगनीजचा काळा, जड दगड आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं पाण्याखालीं साचलेला गाळ पुढें उष्णतेनें व दाबानें पालटून हा दगड झाला. तो कठीण असल्यामुळें भोंवतालची माती झिजली, तरी तो टेकड्यांच्या रूपानें उभा राहिला.

पोलाद गाळतांना मॅंगनीज लागतेंच. १८८२ सालीं इंग्लंडांत हॅडफील्ड यांनीं मॅंगनीजचें न झिजणारें पोलाद सिद्ध केलें. १८९६ सालीं मध्यप्रांतांतील खनिजें शोधण्यासाठीं एक इंग्रजी कंपनी निघाली. पुढें १९०४-०५ चें रशिया-जपान युद्ध व रशियांतील बंडाळी यांमुळें तिकडील खनिजाचा पुरवठा विस्कळित झाला, आणि युरोपाची दृष्टि आपल्या टेकड्यांकडे वळली. कोठें कॉकेशस, कोठें तुमसर! परंतु तेथील धक्क्यानें येथें कुदळी चालल्या. पुरुषांनीं दगड फोडावा, बायकांनीं तो निवडून टोपल्यांनीं वाहावा, असें हें काम. तो माल आगगाडीनें बंदरास व तेथून आगबोटींनीं परदेशीं गेला.

फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञानें १९०९ सालीं हिंदुस्थानांतील मॅंगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या खनिजासोबत आढळणाऱ्या एका खडकास त्यानें गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. जगाच्या शास्त्रांत आपल्या वनवासी बांधवांचें नांव अशा रीतीनें कायम झालें. पण ज्या मजुरांनीं टोपल्या वाहिल्या, त्यांतील एकाचेंही नांव माझ्या शाळेच्या पुस्तकांत नव्हतें. किल्ला बांधविणाऱ्याचें नांव मात्र आम्ही पाठ करून घेत होतों.

१९६२ सालीं या खाणी ‘मॉइल’ कंपनीकडे आल्या व १९७७ सालीं परकी भांडवल पूर्णपणें दूर झालें. डोंगरीची खाण उघडी आहे. तेथील खनिज कोरड्या विद्युत्घटांसही उपयोगी पडतें.

तेव्हां, बाळा, तुझा डोंगर रुळांत, पुलांत, आगबोटींत गेला. कदाचित् तुझ्या हातांतल्या विजेरींतही असेल. आणि तो कोणीं वाहून नेला, हें तुझ्या आजीस विचार. तिला ठाऊक असेल, तर तें वहींत लिहून ठेव. तोही इतिहासच आहे.