'श्वास'चा शेवट : खिडकी नसलेली चौकट

आधीच सांगतो, या लेखात 'श्वास'चा शेवट उघड केलाय. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी सिनेमा बघा, मग इकडे या. तसं 2004 मध्ये आलेल्या सिनेमाचा शेवट एव्हाना बहुतेकांना ठाऊक असणारच म्हणा.

संदीप सावंत दिग्दर्शित, माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा सिनेमा. कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) आपल्या नातवाला, परशाला (अश्विन चितळे), डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात. डोळ्यांच्या पडद्याचा कॅन्सर निघतो. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. 'श्यामची आई'ने 1954 साली मिळवलेलं सुवर्णकमळ तब्बल पन्नास वर्षांनी मराठीत परत आलं ते या सिनेमामुळे. भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिकाही तोच होता. पण आज मला बोलायचंय ते फक्त शेवटाबद्दल.

शेवटी परशा गावी परत येतो. होडीतून. डोळ्यांवर काळा चष्मा. आजूबाजूला पाणी, झाडी, काठावर वाट बघणारी माणसं. आणि तो हात हलवतो. बस्स, एवढंच.

आता यात काय नाहीये ते बघा. खिडकी नाहीये! जगभरच्या सिनेमांत निरोप, आशा, तुरुंग, स्वातंत्र्य असं काहीही सांगायचं झालं की पात्राला खिडकीपाशी उभं करायची जुनी पद्धत आहे. तिचं मूळ सिनेमाच्याही बरंच मागे जातं. 1435 साली आल्बेर्ती नावाच्या इटालियन विद्वानाने चित्रकलेवर एक ग्रंथ लिहिला. चित्राची चौकट म्हणजे जणू उघडी खिडकी, असं त्याने त्यात मांडलं. पुढे कॅमेरा आला, सिनेमाचा पडदा आला, आपल्या कॉम्प्युटरवरच्या 'विंडोज'सुद्धा आल्या, कल्पना तीच. चौकटीच्या अलीकडे बघणारा, पलीकडे जग.

आपल्या सिनेमाचा जन्मही डोळ्यांच्या दुखण्यातून गेलाय हे किती जणांना माहीत असेल? 1911 च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या ध्यासापायी चित्रपट बघायचा असा सपाटा लावला, की त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली, आणि 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला. फाळक्यांची खिडकी बंद होऊन पुन्हा उघडली. परशाची उघडणार नव्हती.

ऑपरेशनच्या आधी आजोबा परशाला कोणाला न सांगता हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात. सगळे शोधत बसतात, डॉक्टर भडकतात. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर कायमचा बंद होणार असं कळल्यावर घेतलेला तो शेवटचा बॅकअप होता. जेवढं बघून होईल तेवढं बघून घे बाळा! त्या निरक्षर वाटणाऱ्या हट्टात केवढं शहाणपण होतं, ते शेवटच्या शॉटमध्ये कळतं.

इथे माझं गाव मधे येतं. मी मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याचा. आंगणेवाडीची जत्रा ठाऊक असेल, ती वाडी मसुऱ्याचीच. 'श्वास'मधलं कोकण सिंधुदुर्गातलं आहे, त्यामुळे तो शेवट बघताना मी थोडा पक्षपाती होतो हे मान्य. पण आमच्याकडे 'बघणं' या गोष्टीला एक इतिहास आहे. गावात भरतगड आहे, वाडीच्या फोंड सावंतांनी 1701 मध्ये बांधलेला. नदीपलीकडे समोरच भगवंतगड, बावड्याच्या पंत अमात्यांचा. मधून वाहते गडनदी, पुढे कालावलच्या खाडीत समुद्राला मिळणारी. म्हणजे दोन सत्ता दोन टेकड्यांवर बसून तटबंदीच्या जंग्यांमधून एकमेकांवर नजर ठेवून! जंगी हीसुद्धा खिडकीच की, फक्त संशयाची. हाच निसर्ग, हीच खाडी, पण बघणाऱ्याला दिसायचा तो शत्रू. 1818 मध्ये दोन्ही गड इंग्रजांकडे गेले आणि ती नजर संपली. आज भरतगडावर आमराई आहे.

मग चाकरमान्यांचा काळ आला. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. ती किनाऱ्यापासून लांब थांबायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. माझे आजोबा सांगायचे, पडावातून माणूस ओळखू यायच्या आधी त्याचा हलणारा हात दिसायचा. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे त्या हाताची किंमत काय असेल विचार करा.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आता आम्हाला कोकण दिसतं ते गाडीच्या खिडकीतून, बोगदा-पूल-बोगदा असं तुकड्यातुकड्यांत. 'श्वास' आला तेव्हा रेल्वे सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. परशाला गाडीच्या खिडकीपाशी काळ्या चष्म्यात बसवून सिनेमा संपवता आला असता. प्रेक्षक ढसाढसा रडले असते. पण मग शॉटचा अर्थ एवढाच उरला असता, की बघा, बाहेर इतकं सुंदर आहे आणि बिचाऱ्याला दिसत नाही.

होडीने तो अर्थ उलटवला. होडीला भिंत नाही, काच नाही. तिथे निसर्ग समोर नसतो, सगळ्या बाजूंनी असतो. वल्ह्याचा आवाज, खारा वारा, पाण्याचा हेलकावा, काठावरून येणाऱ्या हाका. यातलं काहीच ऑपरेशनने काढून घेतलेलं नाही. खिडकीची गरज आता फक्त आपल्याला, थिएटरात बसलेल्यांना आहे. आणि हात हलवायला डोळे लागत नाहीत, समोर आपली माणसं आहेत एवढी खात्री लागते.

म्हणून मला हा शेवट दुःखाचाही वाटत नाही आणि गोड करून दाखवलेलाही वाटत नाही. नुकसान झालंय, ते काळ्या चष्म्याच्या रूपाने भर चौकटीत आहे. सिनेमा ते लपवत नाही. तो फक्त सांगतो की बघणं संपलं, गाव संपलं नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. हा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी चमकलेली दिसणं ही त्याची एक खूण. लवकर कळलं तर आज अनेकदा जीवही वाचतो आणि डोळाही. तेव्हा घरातल्या पोरांचे फोटो नुसते लाइक करू नका, नीट बघा. शंका आली तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

असो. वीकेंडला 'श्वास' पुन्हा लावा. शेवटच्या शॉटला मिनिटभर डोळे मिटून नुसता ऐका, आणि मग सांगा काय काय दिसलं ते.