ठेका विसरलेले यंत्र

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली ‘टीआर-८०८’ नावाचे ड्रम मशीन बाजारात आणले. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या ‘लिन एलएम-१’ या यंत्रात खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते आणि त्याची किंमत ५ हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ ची किंमत सुमारे १२०० डॉलर. त्यात खरा ड्रम कुठेच नव्हता. ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जुळणीतून ड्रमचा केवळ भास निर्माण केला जाई. खालच्या कडेला सोळा कळा, चार-चारांच्या चार रंगांत. आपल्याकडच्या वाचकाला त्या पाहताच तीनतालाच्या सोळा मात्रा आणि चार विभाग आठवतील. जिथे आघात हवा तिथली कळ दाबावी. रचलेला ठेका यंत्र लक्षात ठेवी.

हे ‘लक्षात ठेवणे’ मात्र परावलंबी होते. त्या काळच्या मेमरी चिपमधला मजकूर वीज जाताच पुसला जाई. म्हणून यंत्र बंद असताना चिपला किंचितसा प्रवाह मिळत राहावा, यासाठी आत तीन पेन्सिल सेल बसवलेले असत. वादकाच्या कल्पनेची राखण या तीन सेलांकडे होती.

८०८ चे उत्पादन १९८३ साली थांबले. तोवर सुमारे १२ हजार यंत्रे तयार झाली होती. खऱ्या ड्रमसारखा आवाज न देणारे हे यंत्र पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि हिपहॉप, टेक्नो रचणाऱ्या तरुणांच्या हाती पोचले. मुंबईतही ते आले होते. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून जी तबकडी केली, तिच्यात हेच यंत्र वाजते. ती तबकडी विस्मरणात गेली आणि २०१० साली पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगभर ऐकली गेली. तबकडीला विस्मरण सोसते, कारण तिचा नाद खाचेत कोरलेला असतो. यंत्राचे तसे नाही.

माळ्यावर पडलेल्या यंत्रातले सेल हळूहळू रिते होतात. अल्कलाइन सेल संपत आला की त्यात हायड्रोजन वायू साचतो, दाबाने तोंडाचे सील सुटते आणि आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते. लोक त्याला सवयीने ‘ॲसिड’ म्हणतात. वस्तुतः तो तीव्र अल्क आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याची पांढरी बुरशीसारखी पूड बनते. स्प्रिंग गंजते, तारेच्या आवरणाखालून द्रव पुढे सरकतो आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटतात.

दुरुस्तीची रीत संथ आहे. हातमोजे आणि चष्मा घालून सेल काढावेत. पूड कोरडीच झटकावी. मग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरचा बोळा फिरवून अल्क निष्प्रभ करावा. जुन्या झिंक-कार्बन सेलांचा स्राव मात्र आम्लधर्मी असतो. तिथे खाण्याचा सोडा लागतो, व्हिनेगरने हानीच होते. पुढे शुद्ध पाणी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पुरेसे वाळवणे. आतून काळी पडलेली तार डाख धरत नाही. ती बदलावीच लागते. तुटलेली रेषा मल्टिमीटरने शोधून तिच्यावर बारीक तारेचा पूल बांधावा.

इथे दुरुस्ती करणाऱ्यापुढे जुन्या पोथीच्या संपादकाचा पेच उभा राहतो: राखायचे किती आणि नवे घालायचे किती? रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितले आहे की ८०८ ची विशिष्ट खरखर सदोष म्हणून बाजूला काढलेल्या ट्रान्झिस्टरांतून येई. अर्धवाहकांचे तंत्र सुधारले, तसा असा सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्राचे उत्पादन संपले. त्या जागी आजचा निर्दोष ट्रान्झिस्टर बसवला तर यंत्र चालेल, पण त्याचा उच्चार बदलेल. पोथीतले जुने रूप ‘शुद्ध’ करणारा संपादक हीच चूक करतो. म्हणून शक्य तितके धुवावे आणि अगदी लागेल तितकेच बदलावे.

इतके करूनही एक गोष्ट परत येत नाही. सेल गळेपर्यंत ते बहुधा केव्हाच रिते झालेले असतात. कोणी एका रात्री जागून बसवलेला ठेका त्याआधीच पुसला गेलेला असतो. दुरुस्तीने यंत्राला स्मरणशक्ती लाभते, स्मृती नव्हे. सोळा कळा पुन्हा उजळतात, आणि पहिल्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते.