जकातनाका आणि संसाराची यादी

दरवर्षी २१ सप्टेंबरला आपण संत मत्तयाचा सण पाळतो. कफर्णहूमजवळ जकातीच्या चौकीवर बसलेल्या त्या माणसाला प्रभूने हाक मारली आणि तो उठून त्याच्यामागे निघाला, ही हकीकत आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. 'जकातदार' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे गालीलच्या सरोवराचा काठ उभा राहतो. वास्तविक कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत राहणाऱ्या आपणा मंडळींना हा शब्द दूरदेशीचा वाटण्याचे काही कारण नाही. आपला मुलूखच मुळी वाटेवरचा आहे, आणि जेथे वाट तेथे जकात, हा जगाचा जुना न्याय आहे. आज आपली मुले कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा देशी बिऱ्हाडे हलवीत आहेत. त्यांच्या संसाराच्या पेट्या याच वाटेने न्हावाशेवा बंदराकडे जातात आणि तेथेही त्यांना एक चौकी ओलांडावी लागते. त्या चौकीचा आणि आपल्या घाटातील जुन्या चौक्यांचा धागा कोठे जुळतो, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांपैकी दोन आपल्या अंगणातून जातात. एक पनवेलहून चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाटाने खंडाळ्यास चढते. दुसरी कर्जतच्या पूर्वेस कुसूरच्या घाटाने मावळात उतरते. या वाटांचे वय फार मोठे आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आणि घाटमाथ्यापलीकडे कार्ल्याची लेणी सुमारे दोन हजार वर्षे उभी आहेत, आणि कार्ल्याच्या खांबांवर दाते म्हणून परदेशी यवनांची नावेही कोरलेली आहेत. मीठ, नारळ, सुकी मासळी यांचे बैल येथून वर चढत आणि धान्य, गूळ घेऊन खाली उतरत. घाट चढण्यापूर्वी विसावा घेणाऱ्या वाटसरूंची तहान भागावी म्हणून खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेला तलाव व त्यालगतचे महादेवाचे देऊळ आजही आपण पाहतो.

मराठेशाहीत या मालावर जकात होती. माल जेथे भरला तेथे घेतली जाणारी ती थळभरीत, जेथे विकला तेथे घेतली जाणारी ती थळमोड, आणि मालावर शिक्का उमटविण्याबद्दल घेतला जाणारा तो छापा. शिवाय वाटेतील चौक्या निरनिराळ्या हक्कदारांच्या असल्याने एका प्रवासात अनेकदा थांबावे लागे. तथापि जकातीचे मूळ लक्ष्य व्यापाराचा माल हे होते. स्वतःच्या उपयोगासाठी सामान नेणाऱ्यास जकात माफ असल्याची दस्तके दिली जात, तशा नोंदी पेशवे दप्तरात आढळतात. दस्तक म्हणजे त्या सामानाचा परवाना. तो दाखविला की चौकीवाल्याने वाट अडवू नये, असा त्याचा अर्थ.

या काळातील आणखी एक वर्ग आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो म्हणजे हुंडेकरी. मालधन्याकडून ठराविक रक्कम एकदाच घ्यायची आणि वाटेतील सर्व चौक्यांचे देणे आपण भागवून माल मुक्कामी पोहोचवायचा, हा त्यांचा धंदा. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या हुंडेकऱ्यांचा उल्लेख आहे. आज परदेशी सामान पाठविताना आपण ज्या क्लिअरिंग एजंटाकडे सर्व कागद सोपवून निश्चिंत होतो, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

१८१८ नंतर राज्य बदलले, तरी चौक्या लगेच उठल्या नाहीत. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता खुला केला. तोवर जी ओझी बैलांच्या व हमालांच्या पाठीवर चढत होती, ती आता गाडीत चढू लागली, आणि या रस्त्याचा पथकर सुरू झाला. मुंबई इलाख्यातील मार्गजकात मात्र १८३८ च्या कायद्याने रद्द करण्यात आली. देशांतर्गत वाटांवरची चौकी उठली आणि जकातीचा भार समुद्रकाठच्या बंदरावर केंद्रित झाला.

त्यानंतर रेल्वे आली. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा बाकी होता. त्यामुळे सुमारे पाच वर्षे मुंबईहून पुण्यास बिऱ्हाड हलविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला खोपोलीस गाडीतून सामान उतरवावे लागे, ते गाड्यांवर व हमालांच्या डोक्यांवर घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत भरले जाई. त्याच सुमारास बर्कली या अभियंत्याच्या देखरेखीखाली घाटात बोगदे खोदले जात होते. १८६१ च्या आरंभी या कामावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने व तापाने त्यांतील किती जण दगावले, त्यांच्या नावांची यादी कोणी ठेवली नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाची रेल्वे खुली झाली आणि खोपोलीस सामान उतरविण्याची गरज संपली.

घाटातील चौकी उठली तरी बंदरातील चौकी राहिली. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील बंदरांचा कारभार एका चौकटीत बसविला. स्वतंत्र भारतात त्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. या कायद्यात प्रवाशाच्या सामानाविषयी जी तत्त्वे आहेत, ती जुन्या दस्तकाशी ताडून पाहिली म्हणजे नवल वाटते. प्रवाशाबरोबर न येता आगेमागे येणारे सामानही कायदा त्याचेच सामान मानतो. मोटारगाडीला मात्र तो सामान म्हणत नाही. सामानात काय आहे ते धन्याने स्वतः जाहीर करावयाचे असते. आणि जी वस्तू ठराविक काळ धन्याच्या वापरात होती, तिला शुल्कमाफी देण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्यास दिला आहे. परदेशातून कायमचे परतणाऱ्यांसाठी १९९८ च्या व २०१६ च्या नियमांत निदान दोन वर्षे बाहेर वास्तव्य झाले असावे अशी अट होती. साऱ्याचे सार एकच आहे: वस्तू तुझी आहे काय, आणि तू ती वापरली आहेस काय?

आपल्या परिसरातून या प्रश्नाला सामोरे गेलेली माणसे थोडी नाहीत. स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या नोकरीतील अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. कर्जतसारख्या, घाट चढण्यासाठी गाड्यांना जोड इंजिने लावणाऱ्या स्थानकावर काम करणाऱ्यांना हे स्थलांतर परके नव्हते. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून लोखंडी ट्रंका बोटीत चढत. याच आपल्या जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, बेने इस्राएल बांधव १९४८ नंतर इस्राएलला गेले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या या समाजाने नव्या देशी मायबोलीचे नियतकालिकही चालविले. नव्याने वसणाऱ्यांना घरगुती सामान आणण्यासाठी इस्राएलने करसवलत ठेवली आहे. पण भाषेला कोणत्याच देशाची चौकी अडवीत नाही, हे या बांधवांकडून शिकावे. पुढे आखाती देशांच्या नोकऱ्या आल्या, आणि आता पुढच्या पिढीचे पाय आणखी दूर वळले आहेत.

प्रत्येक देशाचा नियम वेगळा दिसतो. मुळाशी तत्त्व तेच. इंग्लंडमध्ये कायमचे वास्तव्य हलविणाऱ्याने सामान निदान सहा महिने स्वतःजवळ बाळगून वापरलेले असावे लागते आणि सवलतीसाठी आधी अर्ज करावा लागतो. अमेरिकेत घरगुती सामान निदान एक वर्ष वापरलेले असल्यास ते करमुक्त येते. कॅनडात वसण्यास जाणाऱ्याने पहिल्यांदा त्या भूमीवर पाऊल ठेवतानाच दोन याद्या द्यावयाच्या असतात: एक बरोबर आणलेल्या वस्तूंची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या वस्तूंची. दुसऱ्या यादीत जे लिहिले नाही, ते पुढे सवलतीत बसविणे कठीण जाते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रेमाने घेऊन दिलेली नवी भांडी आणि नवे यंत्र या कसोटीला उतरत नाहीत; आईने दहा वर्षे वापरलेला पाटा किंवा शिवणयंत्र मात्र सहज उतरते. जगातील बाजार नव्या वस्तूला मान देतो, तर जकातीची चौकी जुन्या वस्तूला, ही गोष्ट मोठी विचार करण्यासारखी आहे.

ऑस्ट्रेलियाची चौकी कराहून अधिक किडीची काळजी घेते. नाताळच्या गोठ्यातील गवत, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेला व वेदीमागे खोचून ठेवलेला झावळीचा क्रूस, बियांची जपमाळ, लाकडी मूर्ती या साऱ्या वस्तू तेथे जाहीर कराव्या लागतात आणि तपासणीनंतरच त्यांचा निर्णय होतो. सामान ज्या कच्च्या लाकडाच्या खोक्यांत भरतात, त्या लाकडावरही उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया करून आंतरराष्ट्रीय शिक्का उमटवावा लागतो. मराठेशाहीतील छापा अशा रीतीने पुन्हा आपल्या दारी आला आहे. फक्त आता तो महसुलासाठी नसून वाळवीसाठी आहे.

आमच्या घरातूनही काही वर्षांपूर्वी असे सामान गेले. यादी करण्यास बसलो तेव्हा वेदीवरच्या लाकडी क्रूसापाशी लेखणी अडली. तो आमच्या पणजोबांच्या लग्नापूर्वीपासून घरात आहे, असे थोरली मंडळी सांगत आली होती. म्हणजे त्याला शंभर वर्षे केव्हाच होऊन गेली होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, त्याचप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित, खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हा गुन्हा केल्यास निदान सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैदेची शिक्षा आहे. वस्तूच्या वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. सामान पाठविणाऱ्या माणसाने सहजपणे सांगितले, "भिंतीवरची शोभेची वस्तू एवढेच लिहा, कोण पाहतो?"

कोणी पाहिलेही नसते कदाचित. पण ज्याच्यापुढे चार पिढ्यांनी रोज संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ म्हटली, त्यालाच खोट्या नावाने समुद्रापार न्यावयाचे, हे आमच्याने झाले नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमच्याही. क्रूस वेदीवरच राहिला. तिने त्याचे छायाचित्र नेले आणि तिकडे गेल्यावर सुताराकडून नवा क्रूस करवून घेतला. तिच्या नातवंडांना तो जुना वाटेल, एवढे समाधान आहे.

तेव्हापासून आम्हाला संत मत्तयाची कथा निराळ्या रीतीने वाचता येऊ लागली आहे. चौकीवर बसलेला माणूस प्रत्येक ओझ्याला हात लावून विचारी, हे काय आणि कोणाचे? प्रभूने त्यालाच बोलाविले आणि त्याने आपली चौकी मागे सोडली. यरीहोच्या जक्कयाने मात्र आपल्या मालमत्तेची यादी स्वतःच मांडली: अर्धे गरिबांना, आणि लुबाडले असल्यास चौपट परत. दोघांच्याही जीवनात तारण आले ते खऱ्या हिशेबातून. सामानाच्या यादीवर आपण सही करतो, तीही एका अर्थी साक्षच असते.

म्हणून ज्यांच्या घरून कोणी निघाले आहे, त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. यादी निघण्याच्या आदल्या रात्री न करता दोन महिने आधी, थोरल्यांना जवळ बसवून करावी. कोणती वस्तू कोणाची व कधीची, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. पोचेल ते सामान पोचेल, पण ही हकीकतही त्याबरोबर जाईल. आणि जे जुने मूर्ती, क्रूस, हस्तलिखित ग्रंथ मागे ठेवावे लागतील, ते भंगारवाल्याच्या हाती न देता कोणा नातलगाकडे सोपवावे किंवा आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा. काही प्रकारच्या पुरावस्तूंची सरकारदरबारी नोंदणीही करावी लागते, तीही करून घ्यावी.

देशातील चौक्या एकेक करून उठल्या. मुंबईच्या वेशीवरील मुलुंड, मानखुर्द, दहिसर, ऐरोली येथील जकातनाकेही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाले. खालापूरला आता द्रुतगती मार्गाचा पथकर नाका आहे. तो गाडी मोजतो, गाडीत कोणाचा संसार आहे हे विचारीत नाही. तो प्रश्न विचारणारी शेवटची चौकी बंदरावर आहे. तेथे आपल्या लेकरांनी खरे उत्तर द्यावे, एवढी शिदोरी आपण त्यांच्याबरोबर द्यावयास हवी. तिच्यावर कोणत्याही देशात कर लागत नाही.