तिसरा आलेख

भाषांतर पूर्ण झाले, की मूळ संहिता आणि भाषांतर यांच्यातील नाते कोठे उरते? बहुधा भाषांतरकाराच्या स्मरणात. फार तर तळटीपांत. सॉफ्टवेअरच्या इतिहासातही हा प्रश्न उभा राहिला. तेथे मिळालेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावे असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचे एक मूळ भाषाविज्ञानात आहे. नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली वाक्यरचनेसाठी पुनर्लेखनाचे नियम मांडले: एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे ठेवत जायचे, की वाक्य सिद्ध होते. पण वाक्य ही शब्दांची ओळ असते. चित्र ओळीत मावत नाही. म्हणून १९६९ साली जॉन फाल्ट्झ आणि अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी तसेच नियम बिंदू व रेषांच्या जाळ्याला, म्हणजे आलेखाला लावले. १९७३ मध्ये हार्टमुट एरिग, मिखाएल फेंडर आणि हान्स युर्गेन श्नायडर यांनी या आलेख-व्याकरणाला बीजगणिताचा पाया दिला. त्यातील एक अट लक्षणीय आहे: बिंदू वगळल्याने एखादी रेषा अधांतरी राहणार असेल, तर तो नियम तेथे लागूच होत नाही.

प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी त्याचा आराखडा काढतात, तोही आलेखच. आखेन येथील 'प्रोग्रेस', बर्लिनचे 'एजीजी', पाडरबोर्नचे 'फुजाबा' ही साधने अशा आलेखांचे रूपांतर करण्यासाठी घडली. नियम लिहिणारा 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन रूपे रेखाटतो; साधन मोठ्या आलेखात पहिले रूप शोधते आणि त्याजागी दुसरे बसवते. २००१ साली 'ओएमजी' या मानक-संस्थेने आराखड्यांच्या रूपांतरावर आधारलेली कार्यपद्धती पुरस्कारली, तेव्हा या साधनांचे महत्त्व वाढले.

परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच, १९९४ साली आंडी श्युर यांनी दिले होते. त्यांच्या त्रि-आलेख व्याकरणात मूळ व रूपांतर यांच्याबरोबर तिसरा आलेख घडत जातो. मूळातील 'ग्राहक' या घटकापासून माहितीसाठ्यातील कोणता तक्ता झाला, याची नोंद तो ठेवतो. एकाच नियमसंचातून दोन्ही दिशांची रूपांतरे मिळतात. मूळ बदलले तर केवळ संबंधित भाग नव्याने करणे शक्य होते. नोंद नसेल, तर कोणी तक्त्यात हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या रूपांतरात पुसली जाण्याचा धोका असतो.

अर्थात, नोंद म्हणजे निष्ठा नव्हे. दुसऱ्या भाषेत ज्याला जागाच नाही, ते उलट वाटेने परत येत नाही. शिवाय कशाला काय समतुल्य मानावे, हे नियम लिहिणारा माणूसच ठरवतो. फरक इतकाच, की हा निर्णय येथे उघड मांडलेला असतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. भाषांतराच्या आमच्या चर्चेत ही सोय क्वचितच असते.