मैत्रीची गोष्ट आणि मधले कुंपण

'लहान मुलांना भेदभाव कळत नाही', हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याची चिकित्सा करणे भाग आहे. मुलांना भेद कळत नसेल, तर तो त्यांना शिकवतो कोण? अमेरिकन बालसाहित्याच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

१९४५ मध्ये लॉरेन आणि जेरॉल्ड बाइम यांचे 'टू इज अ टीम' आले. टेड आणि पॉल हे दोन मित्र, एक काळा, एक गोरा. मजकुरात रंगाचा उल्लेखच नाही. तो दिसतो फक्त चित्रांत, आणि ती काढली अर्नेस्ट क्रिचलो या कृष्णवर्णीय चित्रकाराने. पोरांचे भांडण होते तेही खेळण्यातली गाडी कशी बनवायची यावरून. पण त्याच वेळी दक्षिणेकडील राज्यांत अशी दोन मुले कायद्याने एका शाळेत बसू शकत नव्हती. शाळांमधले हे विभाजन घटनाबाह्य ठरायला १९५४ साल उजाडावे लागले.

त्यानंतरही भीती गेली नाही. गार्थ विल्यम्स यांच्या १९५८ च्या पुस्तकात एक काळा आणि एक पांढरा ससा एकत्र खेळतात आणि शेवटी लग्न करतात. १९५९ मध्ये अलाबामात त्यावरून गदारोळ झाला आणि राज्याच्या ग्रंथालय विभागाला ते पुस्तक राखीव कपाटात ठेवावे लागले. ज्यांना सशांचीही धास्ती वाटते, त्यांना मुलांची मैत्री किती घातक वाटत असेल!

१९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी हिशोबच मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. म्हणजे ६.७ टक्के. जो पुस्तकातच नाही, त्याच्याशी मैत्री कशी होणार?

डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी हे फार आधी ओळखले होते. १९२० मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी 'द ब्राऊनीज बुक' हे मासिक काढले. जेसी फॉसेट त्याच्या साहित्य संपादक होत्या. दोन वर्षांत ते बंद पडले, पण क्रम बरोबर होता: आधी मुलाच्या मनात स्वतःबद्दल सन्मान, मग बरोबरीची मैत्री. याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते.

२००१ मध्ये जॅकलिन वूडसन या कृष्णवर्णीय लेखिकेने 'द अदर साइड' लिहिले. क्लोव्हर आणि ॲनी या दोघींच्या मध्ये कुंपण आहे. ते ओलांडायला घरच्यांनी मनाई केली आहे, म्हणून त्या कुंपणावरच शेजारी शेजारी बसतात. कुंपण मोठ्यांनी घातलेले असते, हे या गोष्टीत लपवलेले नाही. आम्हाला ती म्हणूनच खरी वाटते.

भेद झाकणारी मैत्री गोड असते, पण ती व्यवस्थेला धक्का देत नाही. गोणपाटावर वेगळे बसवलेल्या भीमाच्या वारसांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून मित्रांनो, आपल्या वस्त्यांतल्या वाचनालयांत मुलांची पुस्तके ठेवताना एक प्रश्न जरूर विचारा: या गोष्टीत आपले मूल आहे का, आणि असेल तर ते बरोबरीने बोलते का?

जय भीम!