रक्तदाब किती उतरवावा?

नाकाभोवतीच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत त्यांना आपण सायनस म्हणतो. त्यांच्या बाजूस, कागदासारख्या पातळ हाडापलीकडे डोळा आहे. वरच्या अंगास मेंदू आहे. अशा अडचणीच्या जागी थोडे रक्त साचले तरी शस्त्रवैद्याला वाट दिसेनाशी होते, आणि चुकलेले शस्त्र कोठे जाईल हे सांगावयास नको. म्हणून येथे रक्त आवरणे हे भूल देणाऱ्याचेही काम ठरले.

पहिला उपाय जागच्या जागी करण्याचा होता. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. घशानाकाच्या वैद्यांनी ते औषध लगेच उचलले. त्याने नाकातील त्वचा बधिर तर होईच, शिवाय आकसून फिकीही पडे. पुढे ॲड्रेनॅलिन हाती आले. रक्तवाहिन्या जागीच आवळण्याची ही युक्ती आजही सोडलेली नाही.

दुसरा उपाय अधिक धाडसाचा. साऱ्या शरीराचाच रक्तदाब उतरविला तर? १९४६ साली अमेरिकेत गार्डनर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत रोग्याच्या धमनीतून रक्त काढून दाब उतरविला आणि शेवटी तेच रक्त परत भरले. १९४८ साली एडिंबरो येथे ग्रिफिथ्स व गिलीज यांनी पाठीच्या कण्यात औषध घालून तोच परिणाम साधला. १९५० साली इंग्लंडमध्ये एंडरबी यांनी मेथोनियम वर्गातील औषधे वापरली. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे मज्जातंतूंचे निरोप ही औषधे वाटेतच अडवीत. वाहिन्या सैल पडत, डोक्याकडची बाजू उंच केली की रक्त पायांकडे उतरे, आणि शस्त्राखालची जागा कोरडी दिसे.

पण या कोरडेपणाची किंमत काही रोग्यांनी प्राणाने, तर काहींनी मेंदूला कायमची इजा होऊन मोजली. येथे एक साधा हिशेब आहे. डोके हृदयाहून सव्वीस सेंटिमीटर उंच असेल, तर हृदयाच्या पातळीवर मोजलेला ६० हा सरासरी दाब मेंदूपाशी सुमारे ४० च उरतो. दंडाचा आकडा पाहणाऱ्याला मेंदूची उपासमार दिसत नाही.

१९८० नंतर दुर्बिणीने सायनसची शस्त्रक्रिया करण्याची पद्धत ऑस्ट्रियातील ग्राझ येथून जगभर पसरली आणि हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. दुर्बिणीच्या भिंगावर रक्ताचा थेंबही चालत नाही. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेतील भूलतज्ज्ञांनी दोन औषधांची तुलना प्रसिद्ध केली. नायट्रोप्रुसाइड रक्तवाहिन्या फैलावून दाब उतरविते. एस्मोलॉल हृदयाची गती मंद करते. दाब बेताचाच उतरविला असताही एस्मोलॉलने जागा स्वच्छ दिसली. नायट्रोप्रुसाइडने आकडा खाली जाई, पण हृदय धावू लागे आणि रक्त पाझरतच राही. कारण उघड आहे : नाकातील रक्त बहुधा बारीक केशवाहिन्यांतून झिरपते, आणि त्याच फैलावल्या तर झिरपणे थांबावे कसे?

म्हणून आज बहुधा शिरेतून प्रोपोफॉल व रेमिफेंटॅनिल देतात, उशाकडची बाजू थोडी उचलतात, नाडी साठाच्या आसपास ठेवतात, आणि धडधाकट रोग्यातही सरासरी दाब साठ-पासष्टाखाली सहसा नेत नाहीत. ज्याला मुळात रक्तदाबाचा विकार आहे, त्याच्या बाबतीत हात आणखी आखडता घेतात.

रक्तदाब किती उतरवावा, या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले : काम दिसण्यापुरता, आणि मेंदूला सोसवेल तेवढाच. हे उत्तर ज्यांच्या जिवावर मिळाले त्या रोग्यांची नावे ग्रंथांत नाहीत. त्यांचे स्मरण करून मी आपली रजा घेतो.