विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचे तज्ज्ञ मूल्यमापन

शाळेत शिकणाऱ्या बालकाला वाचन, लेखन, गणन, भाषा, वर्तन किंवा हालचाली यांत सातत्याने येणाऱ्या अडचणींचे स्वरूप व कारण प्रशिक्षित तज्ज्ञांकडून निश्चित करून घेण्याच्या प्रक्रियेस तज्ज्ञ मूल्यमापन असे म्हणतात. या मूल्यमापनाचा खर्च कोणी करावा, हा पालक आणि शाळा यांच्यातील नेहमीचा वादविषय आहे. भारतीय कायद्याने बालकाची अडचण वेळेवर ओळखण्याचे कर्तव्य शासन, स्थानिक प्राधिकरणे आणि मान्यताप्राप्त शाळांकडे सोपवले आहे. मात्र खाजगी तज्ज्ञाचे शुल्क शाळेने भरावे, असे स्पष्ट कलम केलेले नाही. कर्तव्य आहे पण देयक कोणाच्या नावे काढावयाचे ते लिहिलेले नाही, अशी ही स्थिती होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिका क्षेत्रांच्या संदर्भात केला आहे.

चाळणी, निदान आणि प्रमाणन

'मूल्यमापन' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि बहुतेक वाद तेथूनच सुरू होतात. पहिले काम प्राथमिक चाळणीचे. ते वर्गशिक्षकाने वर्गातच, ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे करावयाचे असून त्यास वेगळा खर्च येत नाही. दुसरे काम निदानाचे. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि गरजेनुसार वाचा-उपचार वा व्यवसायोपचार तज्ज्ञ लागतात. तिसरे काम प्रमाणनाचे, म्हणजे सक्षम शासकीय मंडळाने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याचे. खाजगी तज्ज्ञाचा अहवाल दुसऱ्या टप्प्यात अत्यंत उपयुक्त असतो, कारण मुलाला शिकवावे कसे हे त्यातून कळते. परंतु परीक्षा मंडळाच्या सवलतींसाठी तिसऱ्या टप्प्यातील प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. हा भेद ध्यानात न घेता अनेक कुटुंबे मोठे शुल्क भरून अहवाल आणतात आणि दहावीच्या वर्षी त्यांना पुन्हा रुग्णालयाची वाट धरावी लागते.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या काही चाचण्यांचा मराठी प्रदेशाशी जवळचा संबंध आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर 'बिने-कामत चाचणी' या नावाने आजही प्रचलित आहे. नागपूरचे आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. अध्ययन अक्षमतेच्या निदानासाठी बंगळूरु येथील 'निम्हान्स' या संस्थेची चाचणीमाला वापरली जाते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली 'डाली' ही चाचणी इंग्रजी, हिंदी आणि कन्नडसोबत मराठीतही उपलब्ध आहे. हा मुद्दा गौण नाही. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाचे वाचन इंग्रजी उताऱ्यावर तपासले, तर निष्कर्ष अक्षमतेचा आहे की केवळ अपरिचित भाषेचा, हे सांगता येत नाही. उलट घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलांचीही डोंबिवली, ठाण्यात मोठी संख्या असून, त्यांची तपासणी करणाऱ्यास दोन्ही भाषा येणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. तरीही महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास मान्यता दिली. राष्ट्रीय कायद्याने हा प्रकार स्वीकारण्याच्या तब्बल २० वर्षे आधीचा हा निर्णय होता. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. प्रमाणपत्रांचे काम प्रारंभीची अनेक वर्षे मुंबईतील मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांकडे एकवटलेले होते. त्यांत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय आणि परळचे के. ई. एम. ही प्रमुख होत. कल्याण-डोंबिवलीच्या पालकांना शीव हे त्यातल्या त्यात सोयीचे, कारण ते मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. परंतु मूल्यमापन एका भेटीत होत नाही. मुलाखत, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी आणि अहवाल यांसाठी अनेक फेऱ्या होत. प्रत्येक फेरीला पालकांपैकी एकाची रजा आणि मुलाची शाळा बुडणे ठरलेले असे. तपासणी जवळजवळ विनामूल्य असूनही ती अनेकांना परवडत नसे, ती या कारणाने.

२००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे 'डिस्लेक्सिया' हा शब्द घराघरांत पोचला. शिक्षक 'आळशी' किंवा 'मठ्ठ' म्हणून ज्यांची बोळवण करीत, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी काही अंशी तरी बदलली.

कायदेशीर आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यांत समावेश आहे. कलम १६ हे शासनाच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या तसेच केवळ मान्यताप्राप्त असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिक्षणसंस्थांना उद्देशून आहे. 'मान्यताप्राप्त' हा शब्द येथे कळीचा ठरतो, कारण विनाअनुदानित शाळांनाही मान्यता घ्यावीच लागते. बालकांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि त्यावर योग्य अध्यापनविषयक व अन्य उपाय करणे, हे या कलमात नमूद केलेले कर्तव्य आहे. कलम १७ नुसार शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावयाचे आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत त्यांत शाळेची भूमिका ठळकपणे मांडली आहे. इयत्ता तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी चाळणी करावी, प्रत्येक सरकारी व खाजगी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चाळणी समिती असावी आणि शंका आल्यास मूल पुढील तपासणीसाठी पाठवावे, असा तो क्रम आहे. आठ वर्षांखालील बालकास या प्रकारचे प्रमाणपत्र देता येत नाही. ही तत्त्वे मार्च २०२४ मध्ये सुधारण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी 'प्रशस्त' ही चाळणी सूची तयार केली असून ती अ‍ॅपच्या रूपातही उपलब्ध आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १३ कडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. प्रवेशाच्या वेळी बालकाची अथवा पालकांची चाचणी घेऊन निवड करण्यास हे कलम मनाई करते. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे 'आधी तज्ज्ञाचा अहवाल आणा, मग प्रवेशाचे पाहू' अशी अट प्राथमिक स्तरावर घालता येत नाही. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. मूल्यमापन हे मुलाला शिकवण्यासाठी असते. त्याला टाळण्यासाठी त्याचा वापर होतो तेव्हा शाळा कायद्याच्या नेमक्या उलट दिशेने चाललेली असते.

खर्चाची व्यवस्था

शाळा कोणत्या प्रकारची आहे, यावर खर्चाचे उत्तर अवलंबून आहे.

महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी समग्र शिक्षा अभियानाचा समावेशित शिक्षण हा घटक आहे. त्यात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असून मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता दहा महिन्यांसाठी मिळतो. वैद्यकीय तपासणी शिबिरे, साहित्य-साधने, मदतनीस भत्ता हे सर्व याच घटकातून भागवले जाते. रक्कम पाहता वैयक्तिक सखोल निदान तीत बसणे कठीण. म्हणून शिबिर आणि त्यानंतर शासकीय रुग्णालय हाच मार्ग उरतो. शिबिरात चष्मा, श्रवणयंत्र किंवा चाकाची खुर्ची यांची गरज पटकन कळते. वाचता न येणारे पण इतर सर्व दृष्टींनी सामान्य दिसणारे मूल मात्र शिबिराच्या रांगेतून सहज निसटते.

विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील मुलांपर्यंत ही तरतूद पोचत नाही. मूल्यमापनाचे शुल्क पालकांवर टाकले जाते आणि काही ठिकाणी सहायक शिक्षकाचे वेतनही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमण्यास सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढील स्तरावर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. शाळेत असा शिक्षक असेल, तर चाळणी आणि शैक्षणिक चाचणीचा बराच भाग शाळेतच होऊ शकतो. त्यामुळे 'खर्च द्या' या मागणीपेक्षा 'विशेष शिक्षकाकडून तपासणी करून द्या' ही मागणी कायद्याच्या आधारावर अधिक भक्कम ठरते.

अमेरिकेत स्थिती निराळी आहे. १९७५ च्या कायद्यातून विकसित झालेल्या तेथील व्यवस्थेत सार्वजनिक शाळेला मूल्यमापन विनामूल्य करावे लागते. तिच्या निष्कर्षाशी पालक असहमत असल्यास ते सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागू शकतात. शाळेने एकतर तो खर्च द्यावा किंवा आपले मूल्यमापन योग्य होते हे सुनावणीत सिद्ध करावे, असा नियम आहे. परदेशातून परतलेली मराठी कुटुंबे येथेही हाच हक्क गृहीत धरतात, पण भारतीय कायद्यात त्यास समांतर तरतूद नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी करतात, आणि विकासात्मक विलंब आढळल्यास त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दिव्यांगत्व प्रमाणपत्रांचे जिल्ह्यातील मुख्य ठिकाण ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय होय. अर्ज 'स्वावलंबन' या केंद्रीय संकेतस्थळावर करून नंतर तपासणीस जावे लागते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे, तर कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये कल्याण-डोंबिवली महापालिकेची आहेत.

स्वयंसेवी क्षेत्रात ठाण्याची परंपरा लक्षणीय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली 'आय. पी. एच.' ही मानसिक आरोग्य संस्था बालक व पालकांसाठी समुपदेशन आणि तपासणीचे काम करते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ठाणे महापालिका 'जिद्द' ही विशेष शाळा चालवते. महापालिका शाळा विशेष शाळा चालवू शकते, पण शेजारच्या नियमित शाळेतील मुलाची साधी वाचनचाचणी होत नाही, ही विसंगती अनेक शहरांप्रमाणे येथेही जाणवते. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखावा असा राज्याचा आदेश आहे. तो मुख्यतः निर्वाहभत्ता आणि साधनांवर खर्च होतो. तपासणीसाठी त्याचा काही भाग मागण्यास पालकसंघटनांना वाव आहे.

मागणीची पद्धत

तोंडी विनंतीला नोंद नसते, म्हणून मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन पोच घेणे इष्ट समजले जाते. पत्रात मुलाची नेमकी अडचण, ती कधीपासून दिसते आणि कोणत्या कामात दिसते, हे लिहून चाळणी समितीकडून तपासणी व शिफारसपत्र मागावे. 'अभ्यासात कच्चा आहे' एवढे पुरेसे नसते. 'तोंडी उत्तर बरोबर सांगतो, तेच लिहिताना अक्षरे गाळतो' हे वाक्य तज्ज्ञाला अधिक सांगते. रुग्णालयात साधारणतः शाळेचे पत्र, प्रगतिपुस्तके, उत्तरपत्रिका आणि लिखाणाच्या वह्या मागितल्या जातात. खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे जावयाचे झाल्यास त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी.

दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, एका भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा सवलती राज्य मंडळ देते. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. ठाणे जिल्ह्यासाठी ते वाशी येथील मुंबई विभागीय मंडळ आहे. २०१८ च्या तत्त्वांनुसार प्रमाणपत्राची फेरतपासणी वयाच्या चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करावी लागते. चौदावे वर्ष बहुधा नववीत लागते, म्हणून आठवी संपतानाच अर्ज करणे सोयीचे.

प्रमाणपत्र नाकारल्यास अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. शाळेने दाद न दिल्यास शिक्षणाधिकारी, पुणे येथील दिव्यांग कल्याण आयुक्त किंवा महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग यांच्याकडे तक्रार नेता येते. कलम ८९ नुसार अधिनियमाच्या उल्लंघनास प्रथम १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.